लोकसंगीत चालत नाही, की चालू दिले जात नाही?

‘लोकसंगीत शहरात चालत नाही.’ रेडिओच्या धंद्यातील मंडळी हे वाक्य अशा थाटात उच्चारतात की जणू तो निसर्गनियमच आहे. पाणी उताराकडे वाहते, तांबडे फुटले की कोंबडा आरवतो आणि लोकसंगीत शहरात चालत नाही! मुंबई, पुणे, नागपूर येथील खासगी एफ.एम. वाहिन्यांवर दिवसभर मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांचा रतीब चालू असतो. मराठी गाण्याच्या वाट्याला त्यातील चतकोर येतो. दंडार, खडी गंमत, डहाका, गोंधळ, भारूड, रेला यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. कारण विचारावे, तर वरील वाक्य तोंडावर फेकले जाते. खेदाची गोष्ट अशी की आपल्या पक्षातील काही सुशिक्षित मित्रही ते ऐकून मान डोलावतात.

हा प्रश्न धानोऱ्याहून विचारला जात आहे, याचे कोणास नवल वाटेल. गडचिरोलीहून छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा तालुका. येथे जंगल आहे, धान आहे, बांबू आणि तेंदूपत्ता आहे. महानगरातील रेडिओशी त्याचा काय संबंध? संबंध असा की धानोऱ्याची माणसे महानगरात आहेत. पोरे नागपूरच्या वसतिगृहांत शिकतात, मजूर इमारतींच्या कामावर जातात, धान निघाल्यावर बायाबापड्या मिरची तोडायला तेलंगणात जातात. जंगलातला माणूस श्रम विकण्यासाठी शहराला चालतो. त्याचे गाणे मात्र शहराला चालत नाही. ही विभागणी निसर्गाने केलेली नाही. ती कोणी केली आणि कोणाच्या लाभासाठी केली, हे तपासणे आपले काम आहे.

दुकानदाराचे गणित

शहरात ग्रामीण संगीताचे केंद्र चालू शकते की नाही, हा वाद आपल्याकडचाच नव्हे. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत तो शंभर वर्षे चालू आहे आणि तेथील अनुभव मोठा बोलका आहे. १९२४ साली शिकागोसारख्या औद्योगिक महानगरात सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या बड्या पेढीने स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. केंद्राचे नाव डब्ल्यू.एल.एस.; ‘जगातील सर्वांत मोठे दुकान’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. याच केंद्रावरून शेतकऱ्यांच्या खळ्यावरील नाचगाण्यांचा ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कार्यक्रम दर शनिवारी रात्री घरोघर पोहोचू लागला. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल येथे एका विमा कंपनीच्या केंद्रावरून असाच कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून प्रसिद्धीस आला. दुकानदाराला आणि विमेवाल्याला खेड्यातील गाण्याचा अचानक पुळका आला होता, असे नाही. शेतकरी आणि शेती सोडून शहरात आलेला मजूर हे त्यांचे गिऱ्हाईक होते. गिऱ्हाईक हवे होते, म्हणून त्याचे गाणे शहरात ‘चालले’.

आता न्यूयॉर्क पाहा. १९७३ साली तेथील डब्ल्यू.एच.एन. या केंद्राने ग्रामीण संगीत स्वीकारले आणि त्याला मोठा श्रोतृवर्ग लाभला. १९८७ साली तीच लहर चोवीस तास क्रीडाचर्चा करणाऱ्या केंद्राच्या हाती गेली. १९९६ पासून पुढे सतरा वर्षे त्या अफाट शहराच्या मुख्य केंद्रांपैकी एकावरही हे संगीत नव्हते. २०१३ साली ते पुन्हा अवतरले आणि २०२१ साली मालकांच्या देवघेवीत पुन्हा नाहीसे झाले. या काळात न्यूयॉर्कच्या नागरिकांचे कान दर दहा वर्षांनी बदलत होते काय? कान तेच राहिले. कोणत्या कानाला किती जाहिरात विकता येते, हा मालकाचा हिशेब तेवढा बदलत राहिला.

तेथील ग्रामीण संगीत हा आज एक बडा उद्योग आहे आणि आपल्या लोकसंगीताशी त्याची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नये. पण एक गोष्ट या इतिहासातून निःसंशय सिद्ध होते. ‘चालत नाही’ या क्रियापदाचा कर्ता संगीत नसतो. त्याचा कर्ता नेहमी जाहिरातदार असतो.

मुंबई कोणाच्या गाण्यावर वाढली?

आपल्या मुंबईचा इतिहास तर या दाव्याला धडधडीत खोटे पाडतो. गिरणगाव हे लोकसंगीताचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे श्रोतृगृह होते. कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी भजन, नमन, शक्ती-तुरा, तमाशा आपल्या वळकटीबरोबर चाळींत आणला. गिरणगावातील हनुमान थिएटरात तमाशाचे फड उभे राहिले, ते कोणाच्या अनुदानावर नव्हे. पाळी संपवून आलेल्या कामगाराच्या तिकिटावर. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, त्याची ताकद याच श्रोत्यांत होती. आपल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारखा कवी आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत घडवले, तेही लोकनाट्याच्याच मुशीत. संयुक्त महाराष्ट्राचा लढा शाहिरांवाचून कल्पिता येत नाही. आकाशवाणीची ‘कामगार सभा’ कामगार वस्तीत आवडीने ऐकली जाई. शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज या शहराने डोक्यावर घेतले. पुढे कॅसेटचा जमाना आला तेव्हा कोळीगीते आणि भीमगीते फूटपाथवरच्या दुकानांतून घराघरांत गेली.

मग हा श्रोता गेला कोठे? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. कामगाराचे कुटुंब विरार, बदलापूर, कल्याणच्या पलीकडे फेकले गेले किंवा गावी परतले. खासगी एफ.एम. वाहिन्या मुंबईत २००२ साली सुरू झाल्या, तेव्हा त्यांना शहराच्या मधोमध तो श्रोता दिसला नाही, यात नवल काय? आधी श्रोत्याला घराबाहेर काढायचे आणि मग ‘ऐकायला कोणी नाही’ म्हणून रडायचे, असा हा न्याय आहे.

आणि तरीही बाजाराला या गाण्याची चव ठाऊक आहे. २०१६ साली ‘सैराट’ चित्रपटातील गाणी देशभर वाजली. ती ज्या ठेक्यावर वाजली, तो गावच्या मिरवणुकीतील ताशा-हलगीचाच होता. तोच ठेका गावचा वाजंत्री वाजवतो तेव्हा तो ‘चालत नाही’. चित्रपटाच्या वेष्टनात आला की तासातासाला चालतो. थोडक्यात, मालाला गिऱ्हाईक आहे. बाजाराला नको आहे तो माल पिकवणारा.

डोकी मोजणारा तराजू

‘आम्ही श्रोत्यांची मोजणी करतो, आकडे खोटे बोलत नाहीत’, असे सांगितले जाते. आकडे खोटे बोलत नसतील. पण कोणते आकडे गोळा करायचे हे माणसे ठरवतात. २००७ साली खासगी रेडिओच्या श्रोत्यांची नियमित मोजणी सुरू झाली, ती दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर या चार शहरांत. प्रत्येक शहरात ४८० माणसे निवडून त्यांच्याकडून रोजनिशी भरून घेण्याची ती पद्धत होती. कोट्यवधींच्या महानगरात ४८० माणसे, आणि नागपूरचा, विदर्भाचा, मराठवाड्याचा त्यात पत्ताच नाही! या तराजूत ज्याचे वजनच केले नाही, तो हलका आहे असा निकाल मात्र छातीठोकपणे दिला जातो.

सरकारचा तराजू तरी निराळा आहे काय? २०११ साली खासगी एफ.एम.च्या तिसऱ्या टप्प्याचे धोरण जाहीर झाले. लहरींचा लिलाव करावयाची शहरे ठरवण्याची मुख्य कसोटी होती एक लाखाची लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली शहराची लोकसंख्या सुमारे ५४ हजार आहे. सबंध जिल्ह्याची मात्र १० लाख ७२ हजारांवर आहे. शहर लहान आहे, म्हणून दहा लाख माणसे हिशेबातून बाद! ही कसोटी अढळ होती असेही नाही. ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरच्या सीमेवरील अकरा लहान शहरांसाठी ती याच धोरणात शिथिल केली होती. म्हणजे राज्यसंस्थेला गरज वाटली की लोकसंख्येची अट बाजूला सारता येते. फक्त आदिवासीच्या गाण्यासाठी तिला तशी गरज वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला संमती दिली आणि त्यांची राखीव किंमत सुमारे ७८५ कोटी रुपये अंदाजली. आपण काय ऐकणार, याचा विचार तेथेही किमतीपासूनच सुरू होतो.

झाडीपट्टीचा पुरावा

लोकांची कला लोकांच्या पैशावर जगते की नाही, याचा पुरावा पाहायचा असेल त्याने वडसा-देसाईगंजला यावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टी रंगभूमी धान कापून झाल्यावर जागी होते आणि होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. मंडळे वडशाला कार्यालये थाटतात, गावकरी तेथे जाऊन नाटक ठरवतात, मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने पाहुणे जमतात, तिकीट काढून माणसे थंडीत पहाटेपर्यंत बसतात. गाणे हा या नाटकाचा प्राण. दंडारीच्या परंपरेतून आलेली ही कला मुंबई-पुण्याच्या रंगभूमीने हिणवली, वृत्तपत्रांनी दुर्लक्षिली. तरी ती जगली. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळ शहरी वाचकांना अशी रंगभूमी अस्तित्वात आहे हे प्रथमच कळले.

या रंगभूमीत सारेच सोज्वळ आहे, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. नाटकाच्या मध्ये चित्रपटगीतांवर थिल्लर नाच घुसवण्याची रीत वाढली आहे आणि पोटासाठी त्यात ओढल्या गेलेल्या मुलींचे शोषण हा आपल्या चळवळीचा विषय व्हायला हवा. पण मूळ मुद्दा अबाधित राहतो. तिकीट काढणारा श्रोता गरीब जिल्ह्यात जर हजारोंनी आहे, तर त्याच प्रदेशातून स्थलांतर केलेल्या माणसांनी भरलेल्या नागपुरात तो नाही, असे कोणत्या तोंडाने सांगता? नागपूरची २०११ ची लोकसंख्या २४ लाख. आणि हे शहर वसवले कोणी? अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने. गोंड राजाने वसवलेल्या शहरात गोंडी गाणे परके ठरावे, याहून मोठी विटंबना कोणती?

सरकारी कानाचा दोष

येथे आपल्याही विचारपरंपरेला एक कडू सत्य ऐकवले पाहिजे. बाजार वाईट म्हणून सरकार आपोआप चांगले, असे होत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मराठी होते, विद्वान होते आणि अभिजात संगीताचे कैवारी होते. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते, म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार केली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला आणि ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ काढून सरकारला माघार घ्यावी लागली. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई-पुणे-नागपूर या केंद्रांपासूनच विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. एका टोकाला ‘तुम्ही काय ऐकावे हे आम्ही ठरवू’ म्हणणारा अभिजन, दुसऱ्या टोकाला ‘जे खपते तेच ऐका’ म्हणणारा व्यापारी. या दोघांच्या चिमट्यात लोकसंगीताला आकाशवाणीवर मिळाली ती अर्ध्या तासाची कोपऱ्यातली जागा. तीही ‘ग्रामीण श्रोत्यांसाठी’ असा शिक्का मारून, जणू शहरातला माणूस कोणा गावाहून आलेलाच नाही!

म्हणून आमची मागणी चित्रपटगीतांवर बंदी घाला अशी नाही. धानोऱ्याच्या तरुणालाही ती आवडतात आणि आवडू द्यावीत. मागणी आहे ती वाट्याची.

सरकारचा काटकसरीचा झाडू कोठे फिरतो, तेही पाहा. नागपूरजवळ बुटीबोरी येथे एक हजार किलोवॉटचे, देशाच्या मध्यभागी वसवलेले प्रचंड प्रक्षेपक होते; आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी तेथून प्रसारित होत असे. २०१९ च्या आरंभी खर्चकपातीच्या नावाखाली ती वाहिनी बंद करण्यात आली. नागपूरच्या परिसरातून अवघ्या विदर्भाच्या बोलींना रात्रभर आवाज देता येईल, असा विचार त्या वेळी कोणास सुचला नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये देशात ९१ ठिकाणी १०० वॉटची एफ.एम. प्रक्षेपके सुरू झाली, याचा मोठा गाजावाजा झाला. पण प्रक्षेपक म्हणजे केंद्र नव्हे. दूरच्या केंद्राचा कार्यक्रम जंगलात आणून सोडणारा तो कर्णा आहे. जंगलाचा आवाज बाहेर नेणारा ध्वनिक्षेपक नव्हे. कर्णा आपल्याकडे तोंड करून लावला आहे, म्हणजे आपल्याला बोलायला मिळाले, असा समज करून घेऊ नये.

बांबू आणि लहरी

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या निमित्ताने एक महत्त्वाचा निर्णय दिला. तो देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची वा खासगी कोणाचीही मक्तेदारी असता कामा नये आणि त्यांचा वापर जनहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली व्हावा, असा त्याचा आशय होता. या निर्णयाचा अर्थ सत्ताधाऱ्यांनी असा लावला, की सार्वजनिक मालमत्ता आहे ना, मग तिचा लिलाव करा!

धानोऱ्याच्या माणसाला ही युक्ती अनोळखी नाही. जंगल हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता होती. तिच्यातला बांबू वर्षानुवर्षे कागद गिरण्यांना नाममात्र दराने दिला गेला आणि त्याच बांबूचा ताटवा घरी नेणाऱ्या गोंडावर वनखात्याने खटले भरले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाने हे नाकारले. गावाने गोटुल पुन्हा उभे केले, ग्रामसभेत एकमताने निर्णय घेण्याची शिस्त लावली आणि जंगल राखले. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार मिळवून लाखोंचे उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात जमा केले. ‘आदिवासींना बांबूचा धंदा जमणार नाही’ असे म्हणणारे तेव्हाही होते. ते आज गप्प आहेत.

लहरींच्या बाबतीत आपण अद्याप १९८० सालच्या मेंढ्यात उभे आहोत. मालकी आपली, वापर दुसऱ्याचा.

२००६ साली सामुदायिक रेडिओचे धोरण आले, हे खरे. तेलंगणातील माचनूर येथे २००८ साली दलित स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू करून दाखवला. म्हसवडला माणदेशी बायकांनी आपले केंद्र चालवले. हे स्वागतार्ह आहे. पण अटी वाचा. क्षमता १०० वॉटची. म्हणजे सपाटीवर दहाएक किलोमीटर आणि डोंगर-जंगलात त्याहून कमी. अर्जदार नोंदणीला तीन वर्षे झालेली संस्था हवी. जी ग्रामसभा १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाचा कारभार पाहते, ती या यादीत नाही. जंगल सांभाळण्यास ती सक्षम, गाणे सांभाळण्यास मात्र अक्षम! आणि राजकीय पक्ष तर राहोतच, पक्षांशी संलग्न कामगार संघटना, महिला व विद्यार्थी संघटना यांनाही परवान्याची बंदी. बोलिव्हियातील कथिलाच्या खाणकामगारांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या मजुरीतून वर्गणी काढून रेडिओ केंद्रे चालवली, आपली भाषा आणि आपले संगीत त्यांवरून वाजवले. तेच काम आपल्या देशात कामगार संघटनेने करू म्हटले, तर नियम आडवा येतो. भांडवलदाराला मात्र एकाच वेळी डझनावारी शहरांत वाहिन्या चालवण्यास हरकत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की आता मोबाईल आहे, यूट्यूब आहे. रेडिओ हवाच कशाला? गोंडी गाण्यांच्या चित्रफिती लाखो वेळा पाहिल्या जातात. ठीक, मग ‘श्रोता नाही’ हा दावा तेथेच निकालात निघाला! पण मोबाईलवर मनुष्याला तेच मिळते, जे त्याने शोधले किंवा जे कंपनीच्या यंत्राने त्याच्यापुढे सरकवले. नागपूरच्या रिक्षात, हॉटेलात, शिलाईच्या दुकानात चारचौघांत वाजते तो रेडिओ. आपले गाणे चारचौघांत वाजते की कानात बोंडे घालून चोरून ऐकावे लागते, यात प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. वसतिगृहातल्या आदिवासी पोराला विचारा. तो अधिक नीट सांगेल. शिवाय धानोऱ्याच्या पूर्वेकडील गावांत मोबाईलचा संकेत झाडावर चढून शोधावा लागतो. छत्तीसगडमधील ‘सीजीनेट स्वर’ने २०१० पासून साध्या फोनवरून लोकांचे बोलणे आणि गाणे एकमेकांपर्यंत पोहोचवून मोठे काम केले, पण ते रेडिओच्या अभावी शोधलेली वाट होती, रेडिओला पर्याय नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. ‘गाण्याने पोट भरते काय? आधी रोजगार, आधी हमीभाव.’ मित्रहो, या प्रश्नामागे आपला एक जुना दोष दडला आहे. सभेला माणसे जमेपर्यंत शाहिराला उभे करायचे आणि पुढारी आले की त्याला खाली बसवायचे, ही आपली रीत राहिली आहे. गाणे हे साधन, भाषण हे साध्य! २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातीलच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस दिली. शाळेत भाषा नाही, कचेरीत नाही, रेडिओवर नाही. ज्याची भाषा कोठेच ऐकू येत नाही, त्याचा हमीभावाचा अर्ज तरी कोण ऐकणार? आवाजाचा प्रश्न हा पोटाच्या प्रश्नाचाच दुसरा चेहरा आहे.

मागणी काय करायची?

नुसता निषेध करून भागणार नाही. पुढील मागण्या पक्षाने आपल्या कार्यक्रमात घ्याव्यात.

पहिली: महाराष्ट्रातील प्रत्येक खासगी वाहिनीच्या परवान्यात त्या प्रदेशाच्या भाषांना आणि लोकसंगीताला ठरावीक वाटा देण्याची अट घालावी आणि तो वाटा मध्यरात्री नव्हे, सकाळ-संध्याकाळच्या वेळेत असावा. हे स्वप्नरंजन नाही. फ्रान्सने १९९४ च्या कायद्याने रेडिओवर ४० टक्के फ्रेंच गाण्यांची अट घातली; कॅनडाने १९७१ पासून देशी संगीताचा वाटा बंधनकारक केला. दोन्ही देश काही समाजवादी नव्हेत आणि तेथील वाहिन्या बुडाल्याही नाहीत.

दुसरी: आकाशवाणीने नागपूरहून विदर्भाच्या बोलींची आणि लोकसंगीताची पूर्णवेळ वाहिनी चालवावी आणि चंद्रपूर केंद्राला तीत बरोबरीचा वाटा द्यावा. झाडीबोली, वऱ्हाडी, गोंडी, माडिया, हलबी, कोरकू, गोरबोली यांना तीत स्वतःचे निवेदक असावेत. पैसा कोठून आणायचा? खासगी वाहिन्यांच्या ढोबळ उत्पन्नातून सरकार चार टक्के वार्षिक शुल्क घेते, त्यातून आणावा. लहरी लोकांच्या आहेत, तर त्यांचे भाडेही लोकांच्या आवाजासाठी खर्च व्हावे.

तिसरी: ग्रामसभा आणि कामगार संघटना यांना सामुदायिक रेडिओचा हक्क मिळावा आणि वनप्रदेशात प्रक्षेपणाची क्षमता भूगोल पाहून ठरवावी.

चौथी: गाणाऱ्याला दाम मिळावा. पारंपरिक गाण्याला मालक नाही, म्हणून ते फुकट नेण्याची वहिवाट आहे. चित्रपटगीत वाजवले की वाहिनीला संगीत कंपनीचे स्वामित्वशुल्क भरावे लागते. दंडारीचा शाहीर मात्र चहावर गातो. त्याचे मानधन लेखी असावे आणि मुद्रणाची एक प्रत त्याच्या गावाला मिळावी.

आणि कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. येत्या हंगामात झाडीपट्टीत आपापल्या गावी कोणकोण गाते, कोणत्या बोलीत, कोणत्या सणाला, याची नोंद करा. गाणाऱ्याच्या संमतीने मुद्रण करा. नागपुरातील आपल्या शाखांनी वस्त्यांत आणि वसतिगृहांत ते ऐकवण्याच्या बैठका घ्याव्यात आणि ऐकणाऱ्यांच्या सह्यांचे निवेदन आकाशवाणीच्या दारात नेऊन ठेवावे. त्यांनी ४८० माणसे मोजली. आपण हजारो मोजून दाखवू.

मेंढ्याच्या लोकांनी जंगल मिळवण्यापूर्वी एक गोष्ट केली होती. जंगल आपले आहे, असे ते आधी स्वतःशी आणि मग एकमेकांशी बोलले. हवाही आपली आहे. ती गोष्ट आपण अद्याप मोठ्याने बोललेलो नाही.